विषय : मोहाच्या झाडाखालचा तंबू, गायब मार्गदर्शक आणि पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तळावर मुक्कामाला होतो. सासूबाई, नणंद, आम्ही दोघं आणि दोन मुलं. पॅकेज 'पहिल्यांदाच तंबूत राहणाऱ्या कुटुंबांसाठी' असं होतं. माणशी २,४०० प्रमाणे १४,४०० रुपये आगाऊ भरले. ते सगळे परत हवेत, म्हणून हे पत्र. आपल्या प्रतिनिधीने फोनवर पुढच्या सहलीसाठी वीस टक्के सूट देऊ केली. ती नको.

उन्हाबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही वर्ध्याचे, मार्च काय असतो ते आम्हाला कोणी सांगायला नको. 'चुलीवरचं गावरान जेवण' तालुक्याहून डब्यातून आलं आणि येईपर्यंत गार झालं, तेही सोडून देते. गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी शेतात बसून आम्ही दरवर्षी खातो, त्यामुळे चुलीवरचं कोणतं आणि डब्यातलं कोणतं हे सासूबाईंनी झाकण उघडताच सांगितलं. पण शेतातून आम्ही दिवेलागणीला घरी येतो. रात्र उघड्यावर कोणीच काढलेली नव्हती, आणि हे मी बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "काळजी करू नका मॅडम, तज्ज्ञ मार्गदर्शक चोवीस तास सोबत असतो." माहितीपत्रकातही हेच छापलंय. आम्ही पैसे भरले ते या एका वाक्यासाठी. तंबू भाड्याने वर्ध्यातही मिळाला असता.

मार्गदर्शक म्हणून जो मुलगा होता तो त्या जागी आदल्याच दिवशी पहिल्यांदा आला होता, हे त्यानेच सांगितलं. रात्री नऊच्या सुमारास दुसऱ्या गटासाठी बर्फ आणायला तो मोटरसायकलवर गेला आणि उजाडल्यावर परतला. त्याच्यावर कारवाई करून हे प्रकरण मिटवू नका. त्याला बर्फ आणायला कोणी पाठवलं, ते आपल्याला माहीत असेल.

आता मुख्य गोष्ट. आमचे दोन्ही तंबू मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) काठी, मोहाच्या झाडाखाली लावले होते. माहितीपत्रकातल्या फोटोत हेच झाड गर्द सावलीचं दिसतं, कारण तो फोटो मार्चमधला नाही. मार्चमध्ये मोहाची पानं गळालेली असतात आणि फांद्या फुलांनी लदलेल्या. म्हणजे दुपारी सावली नाही, आणि रात्रीपासून फुलांचा सडा. मोहाची फुलं गोड असतात. गावातल्या बाया पहाटे ती वेचायला निघतात, आणि त्यांच्या आधी अस्वलं येतात. पूर्व विदर्भातल्या जंगलाकाठच्या कोणत्याही गावात हे शाळकरी पोराला विचारलं तरी कळतं. अस्वल माणूस खायला येत नाही, पण अंधारात अचानक समोरासमोर आलं की बिथरतं आणि थेट तोंडावर येतं.

हे आम्हाला सांगितलं शेजारच्या शेतावर राखण करणाऱ्या काकांनी. बॅटरीचा उजेड दिसला म्हणून ते चौकशीला आले.

"मोहाखाली कोणी झोपते का जी?" त्यांनी विचारलं. "आता रातच्याला अस्वल येते ना. लेकरं घेऊन उठा इथून."

आमच्याकडच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक बंद होती. सासूबाईंना हाताला धरून बांधाबांधाने नेलं. रात्र काकांच्या छपरीत काढली. काकूंनी सतरंज्या दिल्या, चहा दिला, आणि सकाळी पैसे काही केल्या घेतले नाहीत. उजाडल्यावर सामान आणायला गेलो तर तंबूभोवतीच्या धुळीत माणसाच्या पावलासारखे ठसे होते, पुढे नखांच्या रेघा. आपण रात्रीसाठी दिलेल्या गूळ-शेंगदाण्याच्या पुड्या तंबूतच राहिल्या होत्या. त्या बाजूचं कापड फाटलेलं होतं. फोटो जोडले आहेत.

आणखी दोन गोष्टी, कारण पुढच्या कुटुंबाला काका भेटतीलच असं नाही. मुलांच्या तंबूची चेन अर्ध्यावर अडकत होती. तुमच्या मार्गदर्शक मुलाने सांगितलं, रुमाल बांधा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कित्येकदा जाणवतही नाही. तिथे बंद होणारी चेन ही चैन नाही. जवळचं सर्पदंशाचं औषध कोणत्या दवाखान्यात मिळेल, असं विचारलं तर त्याला ठाऊक नव्हतं. आपत्कालीन क्रमांकाचं कार्ड गळ्यात अडकवायला दिलं होतं, आणि तळावर कोणत्याच फोनला रेंज नव्हती.

दुसरी गोष्ट शेकोटीची. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनविभाग वणव्याचा हंगाम मानतो. सागाच्या वाळलेल्या पानांचा थर घोट्यापर्यंत होता. त्यातच शेकोटी पेटवली, ती विझवायला पाण्याची बादलीसुद्धा नव्हती. माझ्या नवऱ्याने पिण्याच्या पाण्याचा कॅन तिच्यावर ओतला. त्या कॅनचे ८० रुपये आपण आमच्या बिलात लावलेत. हे वाचून मला हसू आलं, खरं सांगते.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात दोन अटी आहेत : कोणत्याही इजेला कंपनी जबाबदार नाही, आणि सर्व वाद पुणे न्यायक्षेत्रात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे वर्ध्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. जाहिरातीत लिहिलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ती सिद्ध करायला आपलंच माहितीपत्रक पुरेसं आहे.

तेव्हा १४,४०० रुपये आणि पाण्याचे ८० रुपये पंधरा दिवसांत ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. मोहाखालचे तंबू तर आजच हलवा, आमच्या पैशांचं नंतर ठरवलंत तरी चालेल. फुलं एप्रिलमध्येही पडतात आणि येत्या शनिवारचं बुकिंग आपल्या साइटवर अजून सुरू दिसतंय. तज्ज्ञ मार्गदर्शक ठेवायचाच असेल तर त्याच गावातला ठेवा आणि त्याला बर्फ आणायला पाठवू नका.

उत्तर लेखी द्यावं. फोनवरचं मी धरणार नाही. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन, नंतर आयोगात जाईन.

आपली,
बुकिंगधारक ग्राहक, वर्धा

सोबत : पावती, माहितीपत्रक, तंबू व ठशांचे फोटो, बिलाची प्रत