प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या वेष्टनांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ आणि ‘दाह कमी करते’ असे दोन दावे हल्ली शेजारी-शेजारी छापलेले दिसतात. दाह हे प्रतिकारशक्तीचेच काम आहे, ही साधी गोष्ट त्यात हरवून जाते. जखमेभोवतीची लाली, सूज आणि ठणका ही पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची खूण असते. मात्र हीच यंत्रणा कारण नसताना पेटलेली राहिली की आमवातासारखे विकार जडतात. मग नेमके वाढवायचे काय?

ड जीवनसत्त्व या बाबतीत फार बोलके आहे. जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी त्याला स्वतःच सक्रिय रूप देतात, त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतूंना मारणारे द्रव्य तयार होण्यास चालना मिळते आणि त्याच वेळी दाह भडकवणाऱ्या काही रासायनिक संदेशांना लगामही बसतो. पंचवीस चाचण्यांमधील सुमारे ११ हजार व्यक्तींची माहिती २०१७ साली एकत्र तपासली गेली, तेव्हा श्वसनमार्गाच्या संसर्गापासून सर्वाधिक संरक्षण मिळाले ते मुळात तीव्र कमतरता असलेल्यांना, आणि तेही रोज किंवा दर आठवड्याला थोडी मात्रा घेतल्यास. एकदम मोठा डोस दिलेल्यांना तो लाभ दिसला नाही. पुढे चाचण्यांची भर पडत गेली तसा सरासरी लाभही बारीक होत गेला. दुसरीकडे, सुमारे २६ हजार प्रौढांना पाच वर्षांहून अधिक काळ तपासणाऱ्या ‘व्हायटल’ चाचणीत, रोज २००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्वयंप्रतिकार विकारांचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणाऱ्या विकारांचे, १२३ रुग्ण आढळले, तर न घेणाऱ्या गटात १५५. फरक खरा आणि आशादायक आहे, पण प्रत्येक गटात जवळपास १३ हजार माणसे होती, हेही सोबत सांगितले पाहिजे.

क जीवनसत्त्वाची कीर्ती त्याच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे. नियमित घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. प्रौढांमध्ये तिचा कालावधी सरासरी ८ टक्क्यांनी घटतो, इतकेच. (मॅरेथॉन धावणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात सर्दीचे प्रमाणच निम्म्यावर आल्याचे आढळले आहे.)

आणखी एका गफलतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आजारी माणसाच्या रक्तात जीवनसत्त्वे कमी आढळली की कमतरतेमुळेच आजार झाला, असे आपण धरून चालतो. वास्तविक दाह सुरू असताना रक्तातील अ, क आणि ड जीवनसत्त्वांची पातळी आपोआप खाली येऊ शकते. त्यामुळे तापाच्या दिवसांत काढलेल्या अहवालावरून महिनोन्महिने गोळ्या सुरू ठेवणे मला तरी घाईचे वाटते.

जास्त घेतल्याने बिघडत नाही, हा समज तर धोक्याचाच आहे. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते द्रव्य) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला आहे. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखांत ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असे विधान छापताना ते कमतरता असलेल्यांविषयी आहे की सर्वांविषयी, आणि किती मात्रेविषयी आहे, एवढे तरी नमूद व्हावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक