सहीआधी कराराची प्रत घरी आणा

संपादक महोदय,

पाऊस ओसरू लागला की गोव्यात फुटबॉल क्लबांच्या नोंदणीची धांदल सुरू होते आणि चवथीच्या गडबडीत कितीतरी मुलांच्या सह्या उरकल्या जातात. दहा-बारा पानांचा इंग्रजी करार असतो, सहीसाठी शेवटचे पान तेवढे पुढे केले जाते आणि प्रत "मागाहून देतो" म्हणून सांगितले जाते. हंगामाच्या मध्यावर पगार थकला की वकिलाला दाखवायला घरात एक चिठोराही नसतो. मुलांच्या खेळावर जीव टाकणाऱ्या पालकांनी काही गोष्टी सहीच्या आधीच पाहाव्यात, यासाठी हे पत्र.

सर्वांत आधी पाहायचे ते हे, की मुलाची नोंदणी व्यावसायिक म्हणून होते आहे की हौशी म्हणून. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार लेखी करार असलेला आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळणारा खेळाडू व्यावसायिक ठरतो, बाकी सगळे हौशी. आपल्याकडे हौशी म्हणून नोंद करायची आणि महिन्याचे पैसे 'प्रवासखर्च' म्हणून रोख हातावर ठेवायचे, असे होते. ते पैसे बंद झाले की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे जायला आधारच उरत नाही. पगार रोख घेऊ नये. खात्यावर येऊ द्यावा आणि महिना लिहिलेली पावती मागावी.

मूल अठराच्या आतले असेल तर अडचण आणखी खोल जाते. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम ११प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करू शकत नाही. वडिलांनी सही केली की झाले, असे बहुतेकांना वाटते. पण चित्रपटात काम करण्यासाठी वडिलांनी अज्ञान मुलीच्या वतीने केलेला करार मुंबई उच्च न्यायालयाने १९४०च्या दशकातच रद्दबातल ठरवला होता, आणि त्यात भरपाई मागायला गेलेली मुलगीच हरली. गोव्यालाही हेच उच्च न्यायालय आहे. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाचे पैसे 'हंगामाअखेरीस एकरकमी' ठरवू नयेत. दरमहा घ्यावेत, थकबाकी साचू देऊ नये, आणि अठरावे पूर्ण झाल्यावर उरलेल्या मुदतीसाठी नव्या तारखेचा नवा करार करून घ्यावा. जुन्यालाच 'मान्यता' देऊन भागत नाही. फिफाच्या नियमांत अठराखालील खेळाडूचा करार जास्तीत जास्त ३ वर्षांचा आणि इतरांचा ५ वर्षांचा असतो. पाच वर्षे लिहिलेला कागद सोळाव्या वर्षाच्या मुलापुढे आला तर तो तिथेच परत करावा.

आता कलमांकडे. सगळ्यांत घातक वाक्य साधे दिसते: "वेतन खेळाडू तंदुरुस्त असताना देय राहील." गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला सहसा ९ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे त्या एका वाक्याने पूर्ण हंगामाचा पगार जातो. त्याऐवजी सरावात किंवा सामन्यात झालेल्या दुखापतीत पगार चालू राहील, आणि शस्त्रक्रियेसह किमान सहा महिन्यांची फिजिओथेरपी क्लब देईल, असे लिहून घ्यावे. विम्याची पॉलिसी क्लबच्या नावावर असली तरी प्रमाणपत्राची प्रत मागून त्यात मुलाचे नाव आहे ना, ते बघावे. स्वतः अपघात विमा घेताना व्यवसाय 'विद्यार्थी' असा लिहू नये, कारण लपवलेल्या व्यवसायावर दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि करार झाल्यानंतर "वैद्यकीय तपासणीत नापास, म्हणून करार रद्द" म्हणणे फिफाच्या नियमांत बसत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची असते.

पगार थकल्यावर मुले रागाने सरावाला जायचे बंद करतात. इथेच सारे उलटते, कारण करार खेळाडूनेच मोडला असे म्हणायला क्लबला जागा मिळते. फिफाच्या नियमावलीतले तत्त्व असे: दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखेला आले नाहीत, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी, आणि तेवढ्यात पूर्ण रक्कम आली नाही तर करार सोडण्यास ते रास्त कारण धरले जाते. हेच कलम आपल्या करारात शब्दशः घालून घ्यावे. नोटीस ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या निरोपाच्या भरवशावर राहू नये. त्या १५ दिवसांत रोज सरावाला हजर राहावे.

पगाराची तारीख आणि करार संपण्याची तारीख दोन्ही स्पष्ट लिहिलेल्या हव्यात, 'हंगाम संपेपर्यंत' असे मोघम नको. २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली, २०२५च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम थांबवला गेला. स्पर्धाच झाली नाही तर पगाराचे काय, हे करारात नसेल तर मुलाने कुणाकडे पाहायचे?

एजंटबद्दल थोडक्यात. फिफाचा परवाना विचारावा. प्रतिनिधित्वाचा करार एका वेळी दोन वर्षांहून जास्त असत नाही आणि आपोआप वाढत नाही. मुखत्यारपत्र मात्र कधीच देऊ नये. "मुदत संपल्यावरही आधी आम्हालाच विचारायचे" असे कलम दिसले तर घाबरू नका. झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मुदतीनंतरचे असे बंधन करार कायद्याच्या कलम २७खाली अवैध ठरवले आहे.

शेवटी कर, आणि त्यात खास आपल्या गोव्याची एक गोष्ट, जी बाहेरच्या करसल्लागारांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. क्लब मोबदला 'व्यावसायिक शुल्क' धरतो तेव्हा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो, पॅन दिला नसेल तर २० टक्के. चार लाख मिळवणाऱ्या मुलाचे ४० हजार असे कापले जातात. त्याला कर लागतच नाही, पण विवरणपत्र भरले नाही तर ते परत मिळत नाहीत. विवाहित खेळाडूचे गणित याहून निराळे. लग्नाआधी नोंदवलेला वेगळा करार नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते, आणि २०२५-२६ला लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्यातील कलम '५अ'नुसार पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. समजा शुल्क १८ लाख. बूट, फिजिओ, प्रवास यांचा खर्च २ लाख. उरलेले १६ लाख दोघांच्या नावे आठ-आठ. २०२५-२६च्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे कापलेले १ लाख ८० हजार पूर्ण परत, प्रत्येकी ९० हजार. हाच मोबदला 'पगार' म्हणून दिला असता तर सगळा एकट्याच्या नावावर आला असता. करारातल्या नुसत्या शब्दाने हे ठरत नाही, नात्याचे खरे स्वरूप पाहिले जाते. म्हणून मोबदला पगार धरणार की शुल्क, हे क्लबकडे सहीआधीच विचारावे. चूक होते ती अशी: उत्पन्न निम्मे दाखवायचे, टीडीएस मात्र सगळा आपल्याच नावे मागायचा. मग आकडे जुळत नाहीत आणि परतावा अडकतो. आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही. विवरणपत्रातल्या 'शेड्यूल ५अ'मध्ये पत्नीचा पॅन, तिच्या वाट्याचे उत्पन्न आणि तिच्या वाट्याचा टीडीएस भरावा लागतो, आणि तिचेही विवरणपत्र वेगळे जाते.

गोवा फुटबॉल संघटनेला आणि गोवा क्रीडा प्राधिकरणाला कळकळीची विनंती: कराराची प्रत खेळाडूच्या हाती किमान सात दिवस आधी पडल्याशिवाय नोंदणी स्वीकारू नये, आणि सोबत मराठी किंवा कोंकणीत एक पानाचा सारांश द्यावा. हे होईपर्यंत पालकांनी लक्षात ठेवावे, की विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. फोन सहीच्या आधी करावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा