फिरत्या तारांगणात आमचं आकाश कुठं आहे?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुगी आटोपल्यावर, जानेवारीत, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावच्या शाळेत फिरतं तारांगण आलं होतं. हवा भरून फुगवायचा काळा घुमट, शेजारी घरघरणारा ब्लोअर, आणि आत शिरायला कापडाचा बोगदा. तिकीट पन्नास रुपये. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्यामुळं पोरांच्या घोळक्यात घुसायला मला निमित्त लागत नाही. चौथीतला नातू आणि चार वर्षांची नात, दोघांना घेऊन मीही रांगत आत गेले.

आत बसतो न बसतो तोच मिट्ट काळोख झाला. नातीनं असा टाहो फोडला की तिला काखेत मारून मला आल्या वाटेनं परत रांगावं लागलं. अंगणवाडीत दुपारी पोरांना निजवतानासुद्धा आम्ही खिडक्या एकेक करून लावायचो. जर्मनीत 1923 साली तारांगणाचं पहिलं यंत्र दाखवलं, ते छतावर तारे पाडण्यासाठीच. मग इथं सूर्य हळूहळू मावळवून, एकेक चांदणी उगवू द्यायला काय हरकत होती?

नातू मात्र शेवटपर्यंत बसला. "काय बघितलंस रे?" म्हटलं, तर म्हणाला, "गोळे अंगावर येत होते. पण काय म्हणायलेत ते कळलंच नाही गं आज्जी." सगळी फिल्म रेकॉर्ड केलेल्या इंग्रजीत! आमच्या भागात भाषेचं नाव काढलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगते: कन्नडमधून सांगितलं असतं तरी माझ्या नातवाला निम्मं कळलं असतं आणि शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरांना पूर्ण. बेंगळुरूच्या नेहरू तारालयात कन्नडमधून खेळ होतात. मुलगा मुंबईला होता तेव्हा वरळीच्या नेहरू तारांगणात मी स्वतः मराठीतला खेळ बघितलाय. पण ही दोन्ही ठिकाणं आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या पोरांच्या वाट्याला येतो तो हा फुगा.

नात आईकडं सोपवून दुसऱ्या खेळाला मी पुन्हा तिकीट काढलं. तेव्हा ध्यानात आलं की ते आकाशच आमचं नव्हतं, कुठल्या तरी लांब उत्तरेकडच्या देशाचं होतं. ध्रुवतारा पार वर, जवळजवळ डोक्यावर. इथून तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर असतो. हात लांब करून मुठीनं मोजलं तर दीड मूठ. आमच्या अंगणातून तर तो फणसाच्या आडच जातो.

खरी चुटपुट लागली ती मृगाची. इथलं पोरगं बोलायला लागल्यापासून मृग ऐकतं. मृग निघाला का, यंदा वाहन कुठलं, बेडूक की म्हैस, धूळवाफेवर पेरलेलं भात उगवलं का. त्याच रात्री नातवाला अंगणात नेऊन तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे दाखवले, जवळचा ठळक व्याधाचा तारा दाखवला, म्हटलं हे मृग. तो म्हणाला, "मृग म्हणजे पाऊस की!" बरोबरच आहे त्याचं. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणजे मृगातले तारे दिवसा सूर्याबरोबरच वर असतात आणि उजेडात दिसत नाहीत. ढग नसले तरी त्या दिवसांत मृग रात्री दिसायचा नाही. तो दिसतो हिवाळ्यात. हे अंगणात उभं राहून कसं दाखवणार? तारांगणात दाखवता येतं. दिवसाचा उजेड काढून टाकायचा, सूर्य तेवढा ठेवायचा, आणि त्याच्यामागं कुठलं नक्षत्र आहे ते पोरांना बघू द्यायचं. दहा मिनिटांचं काम. ते सोडून अंगावर येणारे गोळे!

घुमट घेऊन फिरणाऱ्या मंडळींना आणि त्यांना बोलावणाऱ्या शाळांना माझं सांगणं आहे. फिल्म लावा, पण निम्मा वेळ माणसानं बोलावं, मराठी आणि कन्नड दोन्हीतून, आणि पोरांनी विचारलं की थांबावं. अगदी लहानांचा खेळ वेगळा ठेवा, पंधरा मिनिटांचा, आयांना शेजारी बसवून. शाळेच्या वेळेत आईबाप रानात असतात, तेव्हा एक तरी खेळ संध्याकाळी सातला ठेवा. खेळ संपला की सगळ्यांना पटांगणात उभं करा. खानापूरकडच्या खेड्यांत अजून अंधार शिल्लक आहे. पावसाचे चार महिने मात्र येऊ नका, आमच्याकडं तेव्हा आभाळच नसतं.

आपल्यालाही एक विनंती. राशिभविष्य रोज छापता, मीही वाचते. त्याच्याच खाली आज संध्याकाळी कुठल्या दिशेला काय दिसेल, एवढ्या दोन ओळी येऊ द्या.

पुढच्या सुगीनंतर कुणी घुमट घेऊन येणार असेल तर आलेल्यांच्या चहा-भाकरीचं आमच्या घरी बघू. फक्त जनरेटर बरोबर आणा. यंदा तिसऱ्या खेळाला करंट गेला आणि अख्खं आकाश पोरांच्या डोक्यावर येऊन बसलं. पोरं सर्वांत जास्त हसली ती तेव्हाच.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव