रंग गेला की पत्रा गेला : शेजारच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही. मी विषय काढला की ‘ऱ्हाऊ दे गं पोरी’ म्हणता आणि बादली उचलून नळाकडे चालू लागता. पण आमच्या समर्थ मंदिराच्या बाजूला, शाळेत, अगदी पेट्रोल पंपावरसुद्धा लोक विचारतात, की 2013 ची वॅगन आर एवढी चांगली कशी दिसते, कुठल्या गॅरेजला दिली होती. गॅरेजला नाही, शेजारच्या काकांच्या अंगणात, असं सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

गाडी घ्यायचं ठरलं ते माझ्या शाळेमुळे. बोगद्यातून पलीकडे गेलं की ठोसेघरच्या रस्त्याला पावसाळ्यात काय धुकं असतं, ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. जुलैत दुचाकीवरून त्या रस्त्याने रोज जाणं-येणं घरच्यांना पटत नव्हतं आणि नवी गाडी परवडत नव्हती. जुनी बघायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही आपणहून म्हणालात, ‘एकटी जाऊ नको, मी येतो.’

त्यातली एक गाडी फार चकचकीत होती. तुम्ही खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलंत आणि मागच्या दारावरून हळूहळू खाली आणलंत. वरच्या पत्र्याला ते धरून होतं, चाकाच्या वर आलं तसं सुटून हातात पडलं. ‘इथं पुट्टी भरलीय,’ एवढंच बोललात आणि मालकाला नमस्कार करून निघालात. त्याच्यापुढे एक शब्द वाईट बोलला नाहीत, हे मला फार आवडलं. टायरवरचे चार आकडे वाचायलाही तेव्हाच शिकवलंत, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 3516 असेल तर टायर 2016 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. आणि दाराच्या कडेचं रबर जरासं ओढून आतले कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके जागेवर आहेत का ते बघायचं, म्हणजे गाडी ठोकून सरळ केलीय का ते कळतं.

शेवटी आपण घेतली ती गाडी दिसायला सगळ्यांत मळकट होती. टप उन्हानं विटलेलं, दिवे पिवळे, आत कुबट वास. पण पत्रा सगळा मूळचा.

त्यानंतर मला ज्यानं त्यानं एकच सांगितलं, की जुनी गाडी आहे, चालतेय ना, मग दिसण्यावर कशाला वेळ घालवतेस. इंजिन बघ, ब्रेक बघ, बाकी सोडून दे. तुम्ही एकट्यानं तसं म्हटलं नाहीत. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे, काका. आपली गाडी चांगली दिसावी, ही माझी हौस तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. उलट म्हणालात, ‘रंग गेला की पत्रा गेला. दिसणं आणि टिकणं वेगळं धरू नको.’

तुमचा हा शब्द कुठून आलाय ते मला माहीत आहे. 1975 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तुम्ही पेंट शॉपला नोकरी केलीत. ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यात बनायची हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. पत्र्याच्या बॉडीची ती स्कूटर, रंगाखाली तेलाचं बोट जरी राहिलं तरी दोन पावसाळ्यांत तिथं फोड येतो, हे तुम्ही असं सांगता की जणू कालच पाळी संपवून घरी आलात. इतक्या वर्षांची ती नजर तुम्ही एका दहा-बारा वर्षं वापरलेल्या वॅगन आरला दिलीत.

दिव्यांचं काम मी कधी विसरणार नाही. एका ठिकाणी विचारलं होतं, तर दोन्ही हेडलाइट नवेच टाका म्हणाले. तुम्ही काचेवर नख फिरवलंत आणि म्हणालात, ही काच नव्हेच, पॉलिकार्बोनेट आहे, वरचा ऊन अडवणारा थर तेवढा जळलाय. मग दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून घेतलीत, वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, बादलीत भिजत टाकलेत आणि पहिला 800 चा माझ्या हातात दिलात. आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक. घासायला लागल्यावर दिव्यावरून पिवळट, दुधासारखं पाणी ओघळायला लागलं. दिवा आणखीनच आंधळा दिसायला लागला आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फक्त ओघळणाऱ्या पाण्याकडे बोट केलंत. पाणी पिवळं आहे तोवर थांबायचं नाही, पांढरं यायला लागलं की जुना थर गेला. पुढे 1500, मग 2000, मग 3000. 800 नं आडवं घासलं तर 1500 नं उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. शेवटी पॉलिश, आणि त्यावर ऊन अडवणारं क्लिअर कोट. हे शेवटचं काम लोक टाळतात आणि चार-सहा महिन्यांत दिवा परत पिवळा पडतो, टूथपेस्ट लावून चमकवलेल्या दिव्यांचंही तेच होतं, हे तुम्ही तीनतीनदा बजावलंत. त्या संध्याकाळी दिवे लावून भिंतीसमोर गाडी उभी केली, तेव्हा प्रकाशाची कड भिंतीवर सरळ रेघेसारखी उमटली होती. बल्ब जुनाच, 60/55 वॅटचा.

मी बोगद्यापलीकडच्या धुक्यातून येते तेव्हा ती कड मला रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दाखवते. आता याला हौस म्हणायचं की दुरुस्ती, हे सांगणाऱ्यांनी सांगावं.

एलईडी बल्ब टाकायचा माझा विचार तुम्ही मोडून काढलात, तेही कारण देऊन. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बसवला की उजेड नको तिथं फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि धुक्यात तोच पांढरा उजेड आपल्यावर उलटतो. काळ्या फिल्मचं तर नावच काढू दिलं नाहीत. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे हा नियम, आणि काचेवर काळी फिल्म चिकटवायला सुप्रीम कोर्टानं 2012 सालीच केलेली मनाई, दोन्ही तुम्हाला तोंडपाठ.

कुबट वासाचं मूळ मात्र मी सीटमध्ये शोधत होते. तुम्ही बोनेट उघडून वायपरखालची जाळी काढलीत. कुठल्याशा गुलमोहराची बारीक पानं तिथं कुजून त्यांचा लगदा झाला होता. पाणी जायची वाट बंद, म्हणून ते ब्लोअरच्या बाजूनं आत उतरत होतं आणि डाव्या बाजूचं कार्पेट खालून कायम ओलं राहत होतं. मग चारही दारांच्या खालच्या कडेला हात लावून बघायला सांगितलंत. तिथं बारीक भोकं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. लाल मातीनं सगळी बुजलेली. काकूंनी खराट्याची काडी आणून दिली, मी ती मागच्या डाव्या दाराच्या भोकात घालून फिरवली आणि दारातून तांबडं पाणी धार लागून बाहेर आलं. कधीपासून ते दाराच्या पोटात साठलं होतं कोण जाणे. गंज बाहेरून लागत नाही, आतून येतो, हे तुम्ही बोललात त्याचा अर्थ तेव्हा डोळ्यांनी बघितला.

गंजाचे दोन डाग लगेच रंगवून टाकू म्हणून मी मागे लागले होते. श्रावणात रंग मारायचा नाही, हे तुमचं ठाम मत. हवेत दमटपणा असला की लॅकर पांढरट पडतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर तुम्हीच आठवण केलीत. पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासणं, खड्ड्यात राहिलेल्या गंजाला कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं रसायन, लावून तो काळा पडेपर्यंत थांबणं, मग प्रायमर, मग गाडीच्या रंगाचा कोड देऊन आणलेला त्याच छटेचा रंग. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरायचा, फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं तरी चालेल. मला घाई होती आणि तुम्हाला अजिबात नव्हती. दोन हातांच्या मधल्या वेळात तुम्ही ओट्यावर बसून पेपर वाचलात, ते बघूनच मी गप्प बसायला शिकले.

बाकीची कामं आता माझी मी करते. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी सोडा घातलेल्या गरम पाण्यानं काढणं, वायर सोडवताना आधी ऋण बाजूची आणि जोडताना तीच शेवटी. गाडी गार असतानाच कूलंट बघणं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे टायरमध्ये हवा भरणं. धुताना दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, वरून खाली, चाकं सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या फडक्यानं, कपड्याची पावडर बिलकूल नाही. आणि रोज सकाळी कोरडं फडकं मारायची सवय कायमची बंद, कारण धुळीसकट घासलं की आपणच रंगावर ओरखडे काढतो. फडकी अर्थात काकूंच्या जुन्या सुती साड्यांची. त्यांचेही आभार इथंच मानते, कारण त्याही ऐकून घेणार नाहीत.

काय करायचं नाही ते तुम्ही जितक्या काळजीनं सांगितलंत, तितकं मला कुठंच ऐकायला मिळालं नव्हतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, खाली घोडी, म्हणजे आधाराचा लोखंडी स्टँड, हवी आणि चाकाला दगड हवा. ब्रेकच्या पाइपला आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगला घरी हात लावायचा नाही, ते गॅरेजचं काम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलून घ्यायचं, आणि त्याचा थेंब रंगावर पडला तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओतायचं, नाहीतर रंग सोलून निघतो. ड्रायव्हरच्या पायाखाली मी हौसेनं आणलेली जाड मॅट तुम्ही मागे-पुढे सरकवून बघितलीत, ती ॲक्सिलरेटरखाली जातेय असं दिसल्यावर उचलून मागच्या सीटखाली टाकलीत. रंगाला इतकं जपणारा माणूस पेडलखालच्या मॅटबद्दल इतका कडक कसा, असं तेव्हा वाटलं होतं. आता कळतं की दोन्हीकडे नजर एकच आहे.

काका, वडील गेल्यापासून अशा कामात माझ्या शेजारी उभं राहून ‘आता तू कर’ म्हणणारं कोणी नव्हतं. तुम्ही पाना माझ्या हातून कधी काढून घेतला नाहीत. नट बसेना तेव्हाही नाही. गुडघे दुखत असताना तुम्ही अंगणात उकिडवे बसायचात, ते मला दिसत होतं. माझ्या मुलीनं परवा मैत्रिणीला सांगितलं, ‘आमची गाडी आईनं रंगवलीय.’ मी तिला लगेच म्हटलं, आजोबांचं नाव आधी घे.

आता एक काम आहे. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या गाडीचे दिवेही असेच पिवळे पडलेत. त्यांना मी नवे घेऊ नका म्हणून थांबवून ठेवलंय. रविवारी त्यांना घेऊन येऊ का? घासायचं काम मी करीन, तुम्ही ओट्यावरून फक्त पाण्याचा रंग बघा. 2000 चा वॉटर पेपर संपलाय, तो येताना घेऊन येते. काकूंना सांगा, चहाचं दूधही मीच आणणार आहे.

तुमची,
शेजारच्या दारातली पोरगी
सातारा