पुस्तकाबद्दलच्या मतालाही तारीख असते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरातली पुस्तक परीक्षणं मी न चुकता वाचते, पण त्यातली एक गोष्ट खूप दिवस खटकतेय म्हणून शेवटी लिहायला बसले. परीक्षण कायम नव्या पुस्तकाचं असतं, म्हणजे पुस्तक येऊन जेमतेम महिना दोन महिने झालेले, परीक्षकाने ते एकदाच वाचलेलं, तेही डेडलाइन सांभाळून, आणि मत मात्र इतकं ठाम की यापुढे त्यात काही बदलायचंच नाही. त्याच माणसाला तेच पुस्तक वीस वर्षांनी कसं वाटलं हे कुणी विचारतच नाही. मला तर तेच वाचायची जास्त उत्सुकता असते.

खांडेकरांची 'ययाति' घ्या. १९५९ ची कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ, आपल्याकडे बहुतेकांनी शाळा-कॉलेजच्या वयात वाचलेली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतःच्या तोंडून सांगतात, त्यामुळे कुणाचं खरं मानायचं हे बरंचसं वाचणाऱ्यावर आहे. कॉलेजात असताना मी डोळे झाकून शर्मिष्ठेच्या बाजूची होते. राजकन्या असून दासी झाली, सगळं मुकाट सोसलं, प्रेम केलं, एवढं पुरेसं होतं. देवयानी म्हणजे अहंकारी, डूख धरणारी, नवऱ्याला मुठीत ठेवू बघणारी बाई. मग लग्न झालं, संसार मुरला आणि परत वाचली तर देवयानीचाच भाग थांबून थांबून वाचला गेला. ज्याच्यावर जीव जडला त्या कचाने नाही म्हटलं, मैत्रिणीने, म्हणजे शर्मिष्ठेनेच, अपमान करून विहिरीत ढकललं, ज्याने हात धरून वर काढलं त्याच्याशी लग्न केलं तर त्याने घरातल्याच दासीशी चोरून संबंध ठेवले आणि इतकं सगळं झाल्यावर आपण वाचक म्हणतो की बाई फार कडवट आहे बुवा. तिने शर्मिष्ठेला दासी केलं हा अन्याय आहेच, तो मला तेव्हाही वाटला आणि आजही वाटतो, पण तिच्या रागाला कारण होतं हे पहिल्या वाचनात दिसलंच नव्हतं. आणि ज्यांची मुलं आता मोठी झालीत त्यांनी पुरूचा प्रसंग परत काढून वाचावा. बाप पोटच्या पोराकडे तारुण्य मागतो आणि पोरगा देतो. लहानपणी तो पुरूचा त्याग म्हणून आवडला होता, आता बापाचं ते मागणंच सहन होत नाही.

भाषेबद्दलही तेच. खांडेकरांची सुभाषितासारखी वाक्यं वहीत उतरवून घेणारी आमची अख्खी पिढी आहे. पुढे वाचन वाढलं, साधं सरळ बोलल्यासारखं लिहिणारे लेखक वाचले, तसा त्या अलंकारांचा भार वाटायला लागला, चार उपमांमधल्या दोन काढल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटतं. पण म्हणून सोळाव्या वर्षीचं मत खोटं ठरतं का? अजिबात नाही. त्या वयाला त्या वाक्यांची गरज होती, भाषा इतकी देखणी असू शकते हे त्यांनीच तर दाखवलं. पोरंपोरी आज जे काही भारावून वाचतात त्याला नाकं मुरडणारे मोठे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

हे बदल होतात कसे याचा विचार केला तर एक सरळ कारण दिसतं, पहिल्या वाचनात आपण पुढे काय होतंय याच्या मागे धावत असतो, गोष्ट माहीत झाली की मग लेखकाने कुठे काय लपवलंय, कोण काय बोललं नाही, हे दिसायला लागतं. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे फार कुणी बघत नाही. आपलं मत अनेकदा पुस्तकाबद्दल नसतंच, आपल्या आठवणीतल्या पुस्तकाबद्दल असतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि मग थोड्या थोड्या काळाने आठवून लिहायला सांगितली. लोकांनी गोष्ट आपल्या ओळखीच्या जगात बसवून टाकली, कनूची, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीची, साधी बोट झाली, सील मारायला निघालेले लोक मासे पकडायला निघाले, भुतंबितं बऱ्याच जणांच्या लिहिण्यातून गळूनच गेली. ही अवस्था एका छोट्या गोष्टीची, मग चारशे पानी कादंबरीचं तीस वर्षांत आपण काय करून ठेवत असू! आवडतं पुस्तक परत उघडल्यावर आपल्याला पाठ असलेला प्रसंग त्यात तसा नसतोच, तेव्हा बसणारा धक्का अनेकांना ओळखीचा असेल.

मात्र मत बदललं म्हणजे आपण शहाणे झालो असं समजायचं कारण नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की तिशीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे त्याला मिल्टन, बायरन, वर्ड्‌स्वर्थ यांच्या कविता खूप आवडायच्या, शाळेत असताना शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांत तो रमायचा, आणि उतारवयात मात्र कवितेची एक ओळ सोसवेना, शेक्सपिअर तर इतका कंटाळवाणा वाटला की मळमळायला लागलं. याला तो प्रगल्भता वगैरे म्हणत नाही. आपलं मन माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारं यंत्र झालंय असं तो म्हणतो आणि आयुष्य परत मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचण्याचा नियम करेन असंही लिहितो. इतक्या मोठ्या माणसाने आपली आवड मेली हे इतकं स्पष्ट सांगितलं याचं मला फार मोल वाटतं. ज्यांना 'आता कथाकादंबऱ्या वाचवत नाहीत, फक्त उपयोगाचं वाचतो' असं अभिमानाने सांगायची सवय आहे त्यांनी तर हा उतारा जरूर वाचावा.

याच्या अगदी उलट टोकाला रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय. शेक्सपिअर पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला कंटाळा आणि तिटकारा आला, पुढची पन्नास वर्षं तो इंग्रजी, रशियन, जर्मन अशा भाषांमधून पुन्हा पुन्हा वाचून बघितला, पंचाहत्तरीत सगळा परत वाचला आणि मत तेच राहिलं, मग १९०६ साली त्यावर दीर्घ लेख छापला. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण जग एका बाजूला असताना इतक्या वेळा तपासून बघितलेलं मत आहे ते, एकदा चाळून 'ओव्हररेटेड' म्हणून मोकळं होण्यात आणि यात फार फरक आहे.

तर माझी विनंती अशी. पुरवणीत निदान महिन्यातून एक जागा पुनर्वाचनासाठी ठेवा. परीक्षकाला त्याने पूर्वी गौरवलेलं किंवा झोडपलेलं पुस्तक परत वाचायला द्या, जमलं तर जुन्या परीक्षणातला चार ओळींचा तुकडा शेजारी छापा. वाचकांकडूनही मागवा, पण अट घाला की पुस्तक खरोखर पुन्हा वाचून लिहायचं, आठवणीवरून नाही. आणि रोजच्या परीक्षणातही शेवटी एवढी एक ओळ टाका की परीक्षकाने पुस्तक एकदा वाचलंय की जास्त वेळा, आणि किती दिवसांत वाचून संपवलं. पहिलं पुनर्वाचन 'ययाति'चं करणार असाल तर मी लिहायला तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक