तेवढा तुकडा जोडू नकोस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. "आई, आजोबांची कॅसेट कम्प्युटरवर घेतली. आवाज मस्त आलाय, फक्त 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त गॅलिलिओच्या तिथे तुटलंय. मूळ गाण्यातून तेवढा तुकडा उचलून जोडू का? कळणारसुद्धा नाही." मी लगेच "नको" लिहिलं आणि पुसून टाकलं. नुसतं नको म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस, आणि त्याचं उत्तर अंगठ्यांनी टाइप करण्यासारखं नाही. म्हणून बसून लिहितेय.

ती कॅसेट अण्णांनी १९७६ साली भरली, म्हणजे माझ्याच जन्माच्या वर्षी. त्यांच्या एका मित्राकडे क्वीन या ब्रिटिश बँडची 'अ नाइट ॲट द ऑपेरा' ही एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, आली होती, ती एका रात्रीपुरती मिळाली. कोरी कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. एलपीची एकेक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते, त्यामुळे दोन्हीकडे शेवटी कोरी फीत उरली. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. आतल्या कार्डावर गाण्यांची नावं अण्णांच्या त्या किरट्या अक्षरात आहेत आणि खाली लाल शाईने 'नो सिंथेसायझर्स!' असं लिहिलंय. ते वाक्य अण्णांचं नाही, एलपीच्या कव्हरवर बँडनेच छापलेलं. म्हणजे जे काही विचित्र, आकाशातून आल्यासारखं ऐकू येतंय ते सगळं गिटारचं आणि गळ्याचं आहे, यंत्राचं नाही. अण्णांना त्याचा अभिमान इतका, की जणू हा निर्णय त्यांना विचारूनच घेतला होता.

आता क्वीनचं नाव काढलं की कोणीही पहिल्या मिनिटात सांगतं, फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता. होताच. त्याचा पहिला बँडही तिथलाच, शाळेतल्या पोरांचा. पण अण्णांना हे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, आणि कळल्यावर "असेल" म्हणून ते पुन्हा ब्रायन मेच्या गिटारकडे वळले. त्यांचा माणूस ब्रायन.

आणि माझं खूळ म्हणजे त्या गॅलिलिओच्या हाका. एक उंच, एक खाली, पुन्हा एक उंच. त्यातला तो काच फोडणारा उंच आवाज ड्रमर रॉजर टेलरचा आहे हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना खोटं ठरवलं होतं. १९८५ साल, मी नऊ वर्षांची. दुपारी घरात कोणी नसताना मी तेवढीच जागा ऐकत बसायचे. प्ले, रिवाइंड, प्ले, रिवाइंड. अंदाज इतका पक्का झाला होता, की रिवाइंडचं बटण दाबून मनात तीन आकडे मोजले की बरोबर पहिल्या हाकेच्या आधी यायचं. एका दुपारी आवाज एकदम जाडा झाला, मग पाण्यात बुडत चालल्यासारखा, मग बंद. टेपने कॅसेट खाल्ली.

झाकण उघडलं तर तपकिरी फीत रबरी चाकाला घट्ट गुंडाळलेली. मी ओढली. ओढायची नसते हे मला माहीत होतं, तरी ओढली. बाहेर आली ती चुण्या पडलेली, एका जागी पार तार झालेली. पेन्सिल घालून कशीबशी आत गुंडाळली आणि कॅसेट हिवाळ्याच्या स्वेटरांखाली लपवली. चार दिवस अण्णांनी ती मागितली नाही. ते चार दिवस मी शहाण्या मुलीसारखी वागत होते, त्यावरूनच त्यांना शंका आली असणार.

पाचव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर कॅसेट, ब्लेड, आईचा भुवयांचा चिमटा, सेलोटेप. "टॉर्च धर," म्हणाले. दुसरं काही नाही. पाच बारीक स्क्रू काढून त्यांनी एका वाटीत ठेवले. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे चिमट्याशिवाय काम नाही. खराब भाग त्यांनी तिरका कापला, कारण सरळ कापला तर सांध्यावर टक् वाजतं. दोन्ही टोकं पट्टीला टेकवून एकमेकांना भिडवली आणि सेलोटेपची चिंधी लावली ती पाठीच्या बाजूने, टेपरेकॉर्डरच्या हेडला घासते त्या बाजूने नाही. मग कापलेला तुकडा पट्टीवर ठेवून मोजला. बारा सेंटिमीटर. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. "अडीच सेकंद," ते म्हणाले, "एक अख्खा गॅलिलिओ आणि दुसऱ्याचं शेपूट."

आपल्या घरात ते गाणं तेव्हापासून तसंच आहे. मी सोळा वर्षांची असताना एका मैत्रिणीकडे पहिल्यांदा सीडीवर ऐकलं आणि सीडीत खोट आहे म्हणून पैज लावली. हरले, हे सांगायला नको. तुझं तर त्याहून वाईट. तू अडीच-तीन वर्षांची असल्यापासून हे गाणं माझ्या तोंडून शिकलीस, उडीसकट. गाडीत रेडिओवर लागलं की तू मागच्या सीटवरून नेमकी एक हाक आधी पुढच्या ओळीवर पोचायचीस आणि मग रेडिओवर चिडायचीस. शाळेच्या सहलीहून आलीस तेव्हा केवढी रडली होतीस, "सगळे म्हणाले मला गाणं येत नाही." अण्णांनी तुला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की त्यांनासुद्धा येत नाही.

मूळ गाण्याच्या फितीची कथा तुला त्यांनी सांगितली होती का? गॅलिलिओचा तो ऑपेरासारखा भाग ध्वनिमुद्रित करायला सुमारे तीन आठवडे लागले. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर तिघेच गात होते. एक थर गायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि जागा संपली की सगळे थर एकत्र करून पुन्हा वर गायचं. फीत हेडवरून इतक्या वेळा गेली की तिच्यावरचा थर झिजला. उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं, असं ब्रायनने पुढे सांगितलंय. अण्णा हे सांगताना नेहमी आपली कॅसेट हातात घ्यायचे. तुलना जरा अतिच होती, पण मी कधी हसले नाही.

ब्रायनची गिटार तर तुला पाठच आहे. तरी लिहिते, कारण त्यात माझी एक गोष्ट आहे जी तुला माहीत नाही. १९६३ साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. विकत घ्यायला पैसे नव्हते आणि वडील इलेक्ट्रॉनिक्समधले, हाताने सगळं करणारे. गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, पट्ट्यांवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई. दोनेक वर्षं लागली. तीच गिटार तो अजून वाजवतो, तीही पिकने नाही, सहा पेनीच्या जुन्या नाण्याने. (मी एकदा नाण्याने वाजवून पाहिली होती, शेजाऱ्यांची. दोन तारा तुटल्या.) आणि मग मुलाने खगोलशास्त्रातली पीएचडी अर्धवट सोडून बँड धरला, तेव्हा हेच वडील नाराज झाले. म्हणजे गिटार करून द्यायची, आणि पोरगं वाजवायला लागलं की रागवायचं.

मी १९९५ साली इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा अण्णा माझ्याशी चार महिने कामापुरतंच बोलत होते. एकदा भांडणात मी त्यांना म्हटलं, "तुम्ही ब्रायनच्या बापासारखे वागताय." मला वाटलं होतं दुखावतील. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "तो बाप हुशार होता." झालं, तेवढ्यावर भांडण मोडलं. अबोला मात्र अजून महिनाभर टिकला. २००७ मध्ये ब्रायनने ती सोडलेली पीएचडी पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर. तेव्हा सकाळी सातला अण्णांचा फोन. "झाला तो डॉक्टर. साठीला. तुला अजून वेळ आहे." फोन ठेवून दिला. माझी तिशी नुकती उलटली होती.

१९९१ बद्दल तू एकदा विचारलं होतंस आणि मी टाळलं होतं. २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. आपल्याला एड्स आहे हे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी पंधरा वर्षांची. बातमी आली तेव्हा आलेगेले मोठे लोक तो शब्द आवाज खाली करून उच्चारत होते आणि मी खोलीत आले की विषय बदलत होते. अण्णांनी बदलला नाही. त्यांनी मला समोर बसवून हा आजार काय आहे, कसा होतो, कसा होत नाही, हात धरल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे गणित शिकवावं तसं सांगितलं. त्यांचे कान लाल झाले होते, पण एकही शब्द त्यांनी गिळला नाही. मग बी बाजू लावली. गॅलिलिओ आला, उडी आली, आणि आम्ही दोघंही सवयीने उडीवरून पुढे गेलो. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये तेच गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. त्यांचं अख्खं, आपलं अडीच सेकंद कमी.

२०१८ च्या क्वीनवरच्या सिनेमाचं लिहीत बसत नाही, तू स्वतः होतीस. १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीच्या आधी फ्रेडी बँडला आजाराचं सांगतो त्या प्रसंगाला अण्णा भर थिएटरात "हे नंतरचं आहे" म्हणाले, आणि तू त्यांचा हात दाबून "आजोबा, शू" म्हणालीस. तुला आठवत असेल नसेल, मला तुमचे ते दोन हात आठवतात.

आता मुद्द्याचं. तू फक्त गॅलिलिओचं लिहिलंस. ए बाजू नीट ऐकलीस का? कॅसेटची फीत एकच असते गं. अर्ध्या रुंदीवर ए बाजू, उरलेल्या अर्ध्यावर बी, उलट्या दिशेने. बी बाजूची साडेअठरा मिनिटं म्हणजे ए बाजूची साडेअकरा. तिथे कात्री लागली की इथेही लागते. आणि ए बाजूला साडेअकराव्या मिनिटाला काय चालू असतं माहितेय? ''३९'. ब्रायनचं, त्यानेच गायलेलं, जॉन डीकनने त्याच्यासाठी उभं डबल बास शिकून घेतलं ते. अंतराळात गेलेली माणसं वर्षभराने परततात आणि इथे शंभर वर्षं उलटलेली असतात. परत आलेल्याला आपल्या माणसाचे डोळे दिसतात ते पुढच्या पिढीच्या चेहऱ्यावर. काळ हरवण्याचंच गाणं, आणि आपल्या कॅसेटवर त्यातले अडीच सेकंद खरोखरच हरवलेले आहेत. सुरुवातीच्याच कडव्यात, एक शब्द अर्धा राहतो. गॅलिलिओसारखी ओरड नाही तिथे, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. अण्णांच्या त्याच रात्री आलं होतं. त्यांनी ए बाजू लावून पाहिली, तो अर्धा शब्द ऐकला आणि "अरे, इथेही" एवढंच म्हणाले.

म्हणून जोडू नकोस. अख्खी गाणी तुझ्या फोनवर आहेत, हवी तेव्हा ऐक. या फाइलमध्ये ती नकोत.

आणि एक काम कर. तू पाठवलेली बी बाजूची फाइल तेवीस मिनिटांची दिसतेय, म्हणजे संगीत संपल्यावर तू थांबवलंस. थांबवू नकोस, कॅसेट पुढे चालू दे. दोनेक मिनिटं नुसती खरखर आहे. त्या रात्री फीत जोडून झाल्यावर अण्णांनी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं होतं आणि टेपरेकॉर्डर बिघडला नाही ना हे बघायला शेवटच्या कोऱ्या फितीवर रेकॉर्डिंग करून पाहिलं होतं. आधी त्यांचं खाकरणं येईल. मग "हॅलो, एक, दोन, तीन". मग लांबून एक बारका आवाज येईल, तो माझा. मी विचारते, "अण्णा, जमलं?"

ते म्हणतात, "जमलं. थोडं गेलं."

मग बटणाचा खट् आवाज.

तुझी,
आई