सर्जरीच का, ते सांगते

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

"एमबीबीएस झालं की दवाखाना टाकशील ना?" असं बाबा परवा विचारत होते. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मला जनरल सर्जरीत एमएस, म्हणजे सर्जन व्हायचं पुढचं शिक्षण, करायचं आहे.

आई मनात हिशेब करतच असेल, तर तो मीच मांडते. 2022 मध्ये मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची 25 वर्षांची कमाल वयाची अट निघाली आणि 27 व्या वर्षी मला प्रवेश मिळाला. साडेचार वर्षांचा कोर्स 2027 मध्ये संपेल. मग वर्षभर इंटर्नशिप, आणि एमएसच्या प्रवेश परीक्षेत, नीट-पीजीला, नंबर लागला तर 3 वर्षं एमएस. म्हणजे सर्जन होईपर्यंत मी 36 ची. मला ते चालणार आहे. तुम्हालाही चालावं, असं मनापासून वाटतं.

बाबा, इंजिनिअरिंगची वर्षं पाण्यात गेली, असं तुम्ही काकांना म्हणालात. तसं नाही हो. मोठं आतडं पुढे कुठे अडलं, तर फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त सीकमला, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाला. आत दाब सगळीकडे सारखाच, पण व्यास जिथे मोठा तिथे भिंतीवर ताण जास्त. पुण्यात कंपनीत प्रेशर व्हेसलसाठी, म्हणजे आत दाब असलेल्या टाक्यांसाठी, मी हेच गणित करत होते.

आणि पोट शिवणं तर तुम्ही बघायलाच हवं होतं. जखमेच्या लांबीच्या निदान चौपट धागा टाक्यांत जायला हवा. 20 सेंटीमीटरच्या जखमेला 80. जेन्किन्स नावाच्या सर्जनने 1976 मध्ये हा हिशेब मांडला. ऑपरेशननंतर पोट फुगतं, जखमही लांबते, त्यामुळे धाग्यात तेवढी सवड ठेवावी लागते. करकचून ओढलं तर कडेचा रक्तपुरवठा तुटतो आणि धागाच मांस कापत जातो. मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण जास्त झाला की तुम्ही लगेच बोटाने चाचपून सैल करायचा. सर टाके ओढताना मला तुमचीच बोटं आठवतात. आतडं अडलेला माणूस ऑपरेशननंतर चार दिवसांनी चहा मागतो, तेव्हा वॉर्डात मला किती बरं वाटतं, ते लिहून कळणार नाही.

पीजीच्या यादीत पहिलं नाव आपल्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचं टाकीन. त्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला धाराशिवकडून, कर्नाटकच्या सीमेवरून पेशंट येतात. हात तयार व्हायला तिथे कामाची कमतरता नाही. मिळेलच असं नाही, ते नंबरावर आहे. मिळालं तरी आई, मी रोज घरी जेवायला येईन असं धरू नकोस. रेसिडेंटची ड्यूटी कधी संपेल, सांगता येत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र हॉस्टेलवर पोहोचू दे.

बाबा, प्लॉट विकायचा विषय आता काढू नका. नोकरीतली शिल्लक फीला पुरते आहे, आणि इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होईल. त्याऐवजी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख घ्या. दिवाळीनंतर बघू म्हणत लांबवू नका. मी रजा टाकून येते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
मनू